काड्या, खळ आणि पतंगी कागद

नाताळ अजून पाच आठवडे दूर आहे, आणि एवढ्यातच नक्षत्राचा विषय काढल्याबद्दल काही वाचक मला हसतील. परंतु या आठवड्यात कामट्या तासून सावलीत टाकल्या नाहीत, तर पुढे काय होते ते आपण सर्व जाणतो. डिसेंबरच्या वीस तारखेस घरचा कर्ता पुरुष तालुक्याच्या बाजारास जातो, दुकानाच्या दारात टांगलेले चकचकीत प्लास्टिकचे नक्षत्र पाहतो, आणि पाकिटात हात घालतो. मग मुलांच्या हातांना घरात करावयाचे काही उरत नाही. म्हणून आज उपदेशाचा भाग थोडा बाजूस ठेवून कागद, कामट्या आणि खळ यांविषयीच लिहितो.

गेली काही वर्षे पुष्कळ धर्मग्रामांत नक्षत्रांच्या व गव्हाणींच्या स्पर्धा भरतात. गोव्यात ही चाल फार जोमदार आहे. आमच्या बेळगाव-खानापूरकडील वाड्यावस्त्यांतही आता ती चांगली रुळली आहे. स्पर्धा ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु तीन-चार वर्षांपूर्वी एका गावी अशा स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावणे आले, त्या रात्रीची गोष्ट मनातून जात नाही. गावाचे नाव सांगत नाही. रात्री आठ वाजता आम्ही तिघे परीक्षक घरोघर फिरलो. ज्या घरास पहिले बक्षीस मिळाले, त्याच्या दारात दिव्यांच्या माळा इतक्या होत्या की त्यांत नक्षत्र कोठे आहे हे शोधावे लागले. नक्षत्र विकतचे, माळा विकतच्या, आणि त्या लावावयास माणूसही शहरातून आणलेला. त्याच आळीच्या टोकास एका कौलारू घराच्या वळचणीखाली कामट्यांचे एक नक्षत्र टांगलेले होते. एका मुलाने व त्याच्या धाकट्या बहिणीने ते केले होते. एक टोक किंचित आखूड, कागदास एके ठिकाणी सुरकुती. पण सांधे असे आवळलेले की धरून हलविले तरी हलत नव्हते. आळीच्या त्या टोकाची वीज नेमकी त्याच घटकेस गेलेली, त्यामुळे बिचारे नक्षत्र अंधारात होते. इतर दोघे परीक्षक पुढे निघून गेले. बहुमतापुढे माझे मत चालले नाही. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण पुढील वर्षी त्या घरावरून जाणे झाले तेव्हा वळचणीखाली काहीच नव्हते. मुलांची आई म्हणाली, “फादर, पोरं म्हणतात, विकतचं आणलं तरच लावू, नाहीतर राहू दे.” विकतचे आणण्याची त्या घराची ऐपत नव्हती.

तेव्हापासून आमच्या धर्मग्रामात आम्ही नक्षत्रांचे परीक्षण दुपारी चार वाजता, उन्हात, दिवा न लावता करतो. नक्षत्राजवळ ते करणारे मूल उभे असले पाहिजे, आणि कामट्या कोणी तासल्या, गाठी कोणी मारल्या, खळ कोणी शिजविली हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे. अमक्याच्या घरी रोषणाई अधिक होती असे अद्याप एकाही परीक्षकाने म्हटलेले नाही, कारण दुपारी चार वाजता रोषणाई दिसतच नाही.

कागद ही गरिबाच्या घरची शोभा आहे, आणि तिचा इतिहासही कमी नाही. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तेव्हा तेथे रंगविलेल्या मूर्ती नव्हत्या. गवत होते, बैल होता, गाढव होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या १ डिसेंबरास त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गव्हाणीविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली आणि घरोघरी गव्हाणी मांडण्याची चाल जपण्याविषयी कळकळीने लिहिले. या दोन तारखांच्या मध्ये एक गोष्ट घडली, ती मात्र आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने आपल्या राज्यातील चर्चमध्ये गव्हाणी मांडण्यास बंदी केली. लोकांनी काय करावे? त्यांनी गव्हाणी घरात नेली. लाकडाच्या कोरीव मूर्ती विकत घेणे ज्यांस शक्य नव्हते, त्यांनी कागदावर मरिया, योसेफ, मेंढपाळ व मेंढरे रंगविली, कात्रीने कापली, पुठ्ठ्यावर डकवून उभी केली. सम्राट गेला, बंदीही गेली. कागदी गव्हाणी राहिली. योसेफ लादा नावाचे एक प्रसिद्ध चेक चित्रकार होऊन गेले. त्यांनी रेखाटलेल्या कागदी गव्हाणी तिकडील घरांत आजही कापून उभ्या केल्या जातात.

आपल्या नक्षत्राचे सख्खे भावंड पाहावयाचे तर फिलिपाइन्स बेटांकडे पाहावे. तेथे १६ ते २४ डिसेंबरपर्यंत नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सा होतात, आणि घरोघरी ‘पारोल’ टांगतात. स्पॅनिश भाषेत कंदिलास ‘फारोल’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. जुना पारोल म्हणजे बांबूच्या कामट्यांचे पाच टोकांचे नक्षत्र, वरून पातळ कागद. त्या कागदास ते लोक जपानी कागद म्हणतात. पहाटे चर्चला जाणाऱ्यांस वाट दाखविणे हे त्याचे काम असे. आणि इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या गल्लीतील हिंदू बंधू दिवाळीस जो आकाशकंदील करतात, त्यातही तीच कामटी आणि तीच खळ. आमच्या कित्येक मुलांनी कामटी वाकविण्याचे पहिले धडे शेजारच्या ओसरीवरच घेतले आहेत, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे.

जर्मनीत मोरावियन पंथाच्या एका शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांस भूमिती समजावी म्हणून कागदाचे अनेक टोकांचे नक्षत्र करावयास शिकवीत. तेच पुढे हेर्नहूट या गावाच्या नावाने जगभर गेले. त्यास पंचवीस टोके असतात. ते प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु पाच टोकांच्या नक्षत्रातही भूमिती आहे, आणि ती कामटी तोडण्यापूर्वी समजून घेतली तर निम्मे कष्ट वाचतात.

नक्षत्र वाकडे होते ते कशामुळे? मुले पाच कामट्या घेतात, टोके बांधतात, आणि मधले छेद जेथे पडतील तेथे पडू देतात. मग एक टोक लांब, एक आखूड, आणि मधला पंचकोन एका अंगास चेपलेला. यावर उपाय सोपा आहे. कामटी बरोबर २१ इंच लांब घ्यावी. तिच्या एका टोकापासून ८ इंचांवर एक खूण, दुसऱ्या टोकापासून ८ इंचांवर दुसरी खूण. मध्ये ५ इंच उरतात. आठ, पाच, आठ: एवढे पाठ केले की कोनमापक लागत नाही. प्रत्येक छेद खुणेवर खूण ठेवून बांधला की नक्षत्र आपोआप सरळ येते. सेंटिमीटरांत मापावयाचे असल्यास ५५ सेंटिमीटरची कामटी घ्यावी व दोन्ही टोकांपासून २१ सेंटिमीटरवर खुणा कराव्या; मध्ये १३ राहतात. आठवीत-नववीत शिकणाऱ्या मुलांनी ८ ला ५ ने आणि २१ ला १३ ने भागून पाहावे. दोन्ही उत्तरे १.६ च्या आसपास येतात. खरे गुणोत्तर १.६१८ च्या जवळपास आहे, आणि पाच टोकांच्या प्रत्येक बिनचूक ताऱ्यात ते लपलेले असते.

आता कामट्यांविषयी. माणगा असो वा कळक, बांबू जून असावा. कोवळ्या बांबूची कामटी ओली असताना छान वाकते आणि वाळली की पिळते; तीन दिवसांत नक्षत्राचा फणा होतो. कामटी पाव इंच रुंद पुरे. पेराची गाठ खुणेवर येणार नाही असे पाहून तुकडा तोडावा, कारण गाठीवर दोरा घट्ट बसत नाही. कडा सुरीच्या धारेने खरवडून घ्याव्या, नाहीतर कुसळे मुलांच्या बोटांत जातात. २१ इंचांच्या दहा कामट्या आणि ४ इंचांच्या पाच, अशा एकूण पंधरा लागतील.

बांबू चिरण्याचे काम मुलांच्या हाती कोयता देऊन करावयाचे नाही. ते आजोबांचे काम आहे. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ आहेत. डोळ्यांस अंधुक दिसते, शेतावर जाणे बंद झाले आहे, आणि दिवसभर ओसरीवर बसून ते घरच्यांच्या पायांत येतात असे घरचेच म्हणत. गेल्या वर्षी नातवाने त्यांच्यापुढे बांबू आणून टाकला. त्यांनी अंगठ्याने पेर चाचपले, कोयत्याची धार मध्यावर ठेवली आणि एकच ठोका दिला. बांबू टोकापर्यंत सरळ उकलला. अर्धा-पाऊण तासात वीस कामट्या, सर्व एका रुंदीच्या. नातवाने खुणा केल्या, कारण खुणा आजोबांना दिसत नाहीत. गाठी आजोबांनी मारल्या, कारण नातवाच्या गाठी सुटतात. त्या दिवसापासून शेजारची दोन मुले बांबू घेऊन त्या ओसरीवर जाऊ लागली. तो म्हातारा आता कोणाच्या पायांत येत नाही. ही विद्या ज्यांच्या हातांत आहे अशी माणसे प्रत्येक वाडीवर दोन-चारच उरली आहेत, आणि त्यांना विचारावयास कोणी जात नाही. दुकानातील नक्षत्राची खरी किंमत त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, ती ही.

बांधणी अशी. पाटीवर पेन्सिल न उचलता आपण जसा तारा काढतो, तशा पाच कामट्या जमिनीवर मांडाव्या. प्रथम पाच टोके सैल बांधावी. मग एकेक छेद खुणेवर आणून, एक कामटी वरून व एक खालून जाईल असे ओवून, मेण लावलेल्या दोऱ्याने आवळावा. शेवटी टोके घट्ट करावी. असाच दुसरा सांगाडा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाचही टोके जोडीने बांधावी. आता मधल्या पाच छेदांपाशी दोन सांगाडे हाताने दूर करून त्यांत ४ इंचांच्या आखूड कामट्या उभ्या घालाव्या. त्यांच्या दोन्ही टोकांस आधीच लहान खाच पाडलेली असली तर दोऱ्याचा एकच वेढा पुरतो. पाचवी कामटी बसली की सपाट वस्तू एकाएकी फुगते आणि नक्षत्र होते. हा क्षण पाहण्यासाठी घरातील लहान मुलास अवश्य जवळ बसवावे.

खळ आईने शिजवावी. पाव वाटी मैद्यात प्रथम थोडे थंड पाणी घालून गुठळ्या मोडाव्या, मग सुमारे दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवावी. चिमूटभर तुरटीची पूड घातल्यास लवकर आंबत नाही. काही जण मोरचूद घालतात. तो विषारी आहे, आणि ज्या घरात बोटे चाटणारी मुले आहेत तेथे त्याचे काम नाही. खळ थंड झाल्यावरच वापरावी. ती कागदास फासू नये, कामटीस पातळ लावावी. जाड खळीने पतंगी कागद ओला होऊन फाटतो, आणि आईस वाटते की कागदच वाईट निघाला.

कागद किती लागेल याचा हिशेब करून ठेवला आहे. वीस बाय तीस इंचांचे दोन ताव पुरतात, आणि वर चिंध्या उरतात. पुढच्या व मागच्या अंगास प्रत्येकी पाच त्रिकोण व एक पंचकोन, आणि बाजूंचे दहा त्रिकोण. असे एकंदर बावीस तुकडे. अंगाच्या त्रिकोणाच्या बाजू ८, ८ व ५ इंच. बाजूकडील त्रिकोणाच्या ८, ८ व ४. या दोन मापांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवावे आणि कागद कापताना चोहोंकडे अर्धा इंच दुमडीसाठी सोडावा. पंचकोनासाठी नमुना नको. सांगाडाच कागदावर ठेवून पेन्सिल फिरवावी. आधी बाजूचे त्रिकोण, मग मागचे अंग, शेवटी पुढचे, असा क्रम ठेवला म्हणजे सर्व दुमडी झाकल्या जातात. खालच्या बाजूचा एक त्रिकोण एकाच कडेस चिकटवून दारासारखा मोकळा ठेवावा. दिवा तेथून आत जाईल.

कागद सैल बसला म्हणून मुले हिरमुसतात. त्यांस सांगावे की खळ पुरती वाळल्यावर हाताने पाण्याचा अगदी बारीक फवारा त्यावर मारा आणि सावलीत ठेवा. वाळताना कागद आवळतो व ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो. मात्र रंगीत पतंगी कागदाचा रंग कच्चा असतो; आधी एखाद्या तुकड्यावर पाणी टाकून पाहावे. लाल कागद शेजारच्या पांढऱ्यावर उतरला तर सारा खेळ बिघडतो. रंगांच्या बाबतीत माझे मत जुन्या वळणाचे आहे: पांढरा आणि एक दुसरा रंग, बस्स. सात रंगांचे नक्षत्र जत्रेतल्या पाळण्यासारखे दिसते.

शेपट्या लावाव्यात की नाही यावर दरवर्षी वाद होतो. संत मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ताऱ्यास टोके किती होती हे लिहिलेले नाही, आणि शेपटीचाही उल्लेख नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी किती होते, तेदेखील त्याने सांगितलेले नाही. तीन देणग्यांवरून आपण तिघे धरतो. परंतु इटलीतील पादुआ येथील एका चॅपेलमध्ये १३०५ च्या सुमारास जोत्तो या थोर चित्रकाराने गोठ्यावरचा तारा धूमकेतूसारखा, लांब शेपटीचा रंगविला, तेव्हा झिरमिळ्या लावणाऱ्यांस उत्तम आधार आहे. उरलेल्या चिंध्या बोटभर रुंदीच्या कापून खालच्या दोन टोकांस बांधाव्या. वाऱ्यावर त्या सळसळतात, आणि नक्षत्र गरगर फिरणेही थोडे कमी होते.

आता दिव्याविषयी, आणि येथे मी विनंती करीत नाही, बजावतो. कागदी नक्षत्रात मेणबत्ती किंवा पणती ठेवू नये. आमच्या लहानपणी ठेवीत, हे खरे. आणि दरवर्षी कोणाचे तरी नक्षत्र जळून जाई, हेही खरे. वळचण गवताची असेल तर केवळ नक्षत्र जळून थांबत नाही. जुना तारेचा मोठा दिवाही नको. तो तापतो आणि जवळचा कागद करपवितो. हल्लीचा लहान एलईडी दिवा फारसा तापत नाही व वीजही अल्प खातो. तो मध्यभागी, कागदास न टेकता लोंबला पाहिजे. जोड दिलेली, चिंधी गुंडाळलेली वायर वापरू नये. डिसेंबरात आमच्या घाटमाथ्याकडे पहाटेचे दव एवढे पडते की उघड्यावरील नक्षत्राची खळ चार रात्रींत सुटते आणि वायरही ओली होते. म्हणून नक्षत्र अंगणातील झाडावर टांगण्यापेक्षा वळचणीच्या आत टांगावे. कागदावर तेल लावले की तो उजळ दिसतो असे कोणी सांगेल. ऐकू नये, तेलकट कागद लवकर पेट घेतो.

ज्या घरी बांबू चिरणारे कोणी नाही, किंवा मुले अगदी लहान आहेत, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी एक गंमत आहे, आणि तिला खळदेखील लागत नाही. लांबट वहीच्या लिहून झालेल्या पानाची एक सेंटिमीटर रुंदीची, पानभर लांब पट्टी कापावी. तिच्या एका टोकाजवळ, सुतळीस मारतो तशी साधी गाठ मारावी आणि हळूहळू ओढून बोटाने सपाट दाबावी. काय तयार होते? बिनचूक पंचकोन. लहान टोक त्यावरच दुमडून तो उजेडाकडे धरा: कागदाच्या पदरांत पाच टोकांचा तारा उमटलेला दिसेल. मग उरलेली लांब पट्टी कडेकडेने त्याच पंचकोनाभोवती गुंडाळीत जावे, शेवट आत खोवावा, आणि पाचही कडांचा मध्य नखाने अलगद आत दाबावा. सपाट पंचकोन फुगून शेंगदाण्याएवढा तारा होतो. सहा-सात वर्षांच्या मुलास हे एका संध्याकाळी जमते. जुन्या वहीतून शंभर-दीडशे तारे निघतात. सुईने दोऱ्यात ओवले की गव्हाणीवर टांगावयास तोरण तयार. गणितात नापास झालेल्या पानांचे तारेही तितकेच चांगले होतात, असे एका मुलीने मला सांगितले.

गव्हाणीच्या डोंगरासाठी थर्माकोल आणणारी मंडळी अजून आहेत. सजावटीच्या थर्माकोलवर केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली आहे, तेव्हा ते मुळी विकतच मिळू नये, तरी मिळते. त्याची गरजही नाही. किराणा बांधून येणारा तपकिरी कागद हातांनी खूप चुरगाळावा, उलगडावा, पुन्हा चुरगाळावा; मग आतून पातळ खळ फासून विटांवर अगर डब्यांवर हवा तसा पसरावा. रात्रभरात तो वाळून ताठ होतो आणि खडकासारख्या कडा धरतो. वरून चुन्याची निवळी व थोडी काव यांचे हात दिले की कोणीही त्यास डोंगर म्हणेल. मूर्ती नसतील तर जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. त्यावर मुलांनी आपल्या हातांनी चित्रे काढावी व खाली अर्ध्या इंचाची घडी सोडून उभी करावी. मेंढपाळाने डोक्यास मुंडासे बांधले असेल किंवा खांद्यावर घोंगडे असेल, तर ते पुसावयास सांगू नये. मुलांनी मेंढपाळ असेच पाहिलेले आहेत. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी करवंटीत नाचणी किंवा गहू पेरून ठेवला की गोठ्यापुढे हिरवे शेतही होते.

हे सर्व एका संध्याकाळी उरकण्याचा हट्ट करू नये. पहिल्या आठवड्यात कामट्या, दुसऱ्यात सांगाडा, तिसऱ्यात कागद. मध्ये एखाद्या दिवशी कोणी रुसेल, कोणी मुद्दाम दुसऱ्याच्या त्रिकोणावर पाय देईल. घरातील दूरचित्रवाणी त्या तासापुरती बंद राहिली तर बरे. मोबाईलविषयी मी बोलत नाही, कारण सांगून कोणी ऐकत नाही. पण दोन्ही हातांस खळ लागली असता मोबाईल उचलता येत नाही, हे मात्र मी स्वतः पाहिले आहे.

तीन राजांचा सण झाला की नक्षत्र उतरवावे. तसेच लोंबत ठेवले तर फेब्रुवारीत त्याची लक्तरे होतात आणि मुलांना आपल्याच कामाची लाज वाटू लागते. दिवा काढून घ्यावा, कागद सोलून टाकावा, आणि कामट्यांस राहिलेली खळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण खळीच्या वासाने झुरळे व उंदीर येतात. मग पाच आखूड कामट्यांचे वेढे सोडविले की फुगलेले नक्षत्र पुन्हा सपाट होते व माळ्यावर एका खिळ्यास टांगता येते. पुढील वर्षी दोन ताव कागद व पाव वाटी मैदा एवढाच खर्च. त्या पाच आखूड कामट्या मात्र चिंधीत बांधून त्याच खिळ्यास अडकवाव्या. सुट्या ठेवल्या तर त्या हमखास चुलीत जातात.